मोहफुलावरचा कायदा

1892 साली मुंबई सरकारने एक कायदा केला. त्याचा रोख दारूवर होता, पण त्याने हात घातला तो झाडाखाली पडलेल्या फुलाला. ठाणे आणि कुलाबा या दोन जिल्ह्यांत मोहाची फुले जवळ बाळगणे, साठवणे, विकणे यावर त्या कायद्याने परवान्याचे बंधन आणले. इंग्रजी दप्तरात तो 'म्हौरा ॲक्ट' या नावाने आहे. मोह कुणी लावत नाही, त्याला कुणी पाणी घालत नाही. तो माळावर, बांधावर, जंगलात आपसूक उभा असतो, आणि वारली-कातकऱ्यांच्या वस्तीत कोणते झाड कोणत्या घराचे हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले असते. अशा झाडाचे फूल वेचून घरात ठेवले तर सरकारचा कागद लागेल, असे त्या वर्षी ठरले. या ना त्या रूपात तो निर्बंध इंग्रज गेल्यावरही राहिला. महाराष्ट्रात तो उठायला 2021 साल उजाडले.

मोहाच्या दारूबद्दल आज पुन्हा बोलले जाते आहे. मध्य प्रदेशाने तिला 'वारसा मद्य' म्हटले, महाराष्ट्राने तिचा वर्ग बदलला, मोठ्या शहरांतल्या दुकानांत तिच्या देखण्या बाटल्या आल्या. हे चांगले झाले असे मला वाटते. पण तिच्यावरची बंदी कशी आली आणि कुणाच्या भल्यासाठी आली, हे माहीत असल्याशिवाय ती कुणासाठी उठते आहे हे कळणार नाही. म्हणून हा मागोवा.

आधी फुलापासून. फाल्गुन-चैत्रात मोहाची पाने गळतात आणि उघड्या फांद्यांच्या टोकांना कळ्यांचे झुपके लागतात. फूल रात्री उमलते आणि पहाटेपासून टपटप गळू लागते. मांसल, फिकट पिवळसर, बोटात धरले तर चिकट रस लागेल असे. बायका आणि पोरे अंधारातच टोपल्या घेऊन निघतात, कारण ऊन चढले की फूल सुकू लागते आणि गुरे, हरणे, अस्वले त्याच्यावर टपलेली असतात. हंगाम तीन-चार आठवड्यांचा. वेचलेली फुले अंगणात पसरली की दोन-चार दिवसांत तांबूस होतात, सुरकुततात, आणि नीट वाळवली तर वर्षभर टिकतात. त्यांच्यात साखर इतकी की वाळल्या वजनाच्या निम्म्याहून अधिक भरावी. ती उकडून खातात, भाजून खातात, भाकरीच्या पिठात घालतात, तिळाबरोबर कुटून लाडू करतात. दुष्काळात यांच्यावर घरे तरली आहेत. पुढे त्याच झाडाला फळ धरते. त्याला गडचिरोलीकडे टोळी म्हणतात, आणि तिच्या बियांचे तेल चुलीपासून दिव्यापर्यंत चालते.

दारू हा या फुलाच्या अनेक उपयोगांपैकी एक. फुले मडक्यात पाण्यात भिजत घालायची. हवेच्या मानाने पाच ते आठ दिवसांत ती आंबतात. याला विदर्भात सडवा म्हणतात. सडव्याचे मडके चुलीवर चढते, त्याच्या तोंडावर दुसरे भांडे बसते, सांधे मातीने लिंपतात, वरच्या भांड्यातले गार पाणी सारखे बदलत राहतात आणि वाफेचे थेंब बांबूच्या नळीतून खालच्या भांड्यात उतरतात. आधी येते ती पहिल्या धारेची, कडक. जाळ मोठा झाला तर दारू करपते, लहान राहिला तर धार तुटते, म्हणून भट्टीपाशी बसणारा हात जाणता लागतो. एवढ्या सामानाने कुठल्याही झोपडीमागे भट्टी लागू शकते आणि दुपारपर्यंत तिचा मागमूसही राहत नाही. ही शेवटची गोष्ट इंग्रजांना फार महागात पडली, आणि 1892 च्या कायद्याचे मूळ तिच्यातच आहे.

राज्यसत्तेने दारूवर लक्ष ठेवणे हा काही इंग्रजांचा शोध नव्हे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्ष नावाचा अधिकारी आहे. दारू कुठे गाळायची, कुठे विकायची, किती द्यायची याचे नियम तिथे आहेत. पण त्याच प्रकरणात उत्सव, जत्रा आणि यात्रांच्या वेळी चार दिवस लोकांना स्वतः मद्य करण्याची मोकळीक द्यावी, असेही सांगितले आहे. कर वसूल करणाऱ्या राज्यालाही देवाच्या दिवसांत घरची दारू लोकांकडून काढून घेता येत नाही, हे कौटिल्याने मान्य केले होते. ही जाण पुढच्या राज्यकर्त्यांत फारशी दिसत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबई इलाख्यात मक्त्याची पद्धत होती. एखाद्या भागात दारू गाळण्याचा आणि विकण्याचा हक्क सरकार लिलावाने मक्तेदाराला देई. आदिवासी भागांत याचा जाच कमी होता. थोडक्या पैशांत भट्टीची मुभा मिळे, किंवा घरापुरत्या दारूकडे कुणी पाहतच नसे. हे बदलले 1878 च्या मुंबई अबकारी कायद्याने. त्याच्यामागे चार्ल्स प्रिचर्ड नावाचा अधिकारी होता. त्याचे म्हणणे सरळ होते: गावोगावच्या भट्ट्या बंद करायच्या, मोजक्या मोठ्या कारखान्यांत सरकारी देखरेखीखाली दारू गाळायची, तिच्या प्रत्येक गॅलनवर तिथेच कर घ्यायचा आणि गावात फक्त परवान्याच्या दुकानातून ती विकायची. दुकानाचा हक्क जो जास्त बोली लावील आणि सरकारला ठरावीक उत्पन्नाची हमी देईल त्याचा.

मुंबईच्या बंदराच्या पलीकडे उरणला अशा भट्ट्या होत्या, बहुतेक पारशी मालकांच्या. मुंबई शहर जी मोहाची दारू प्यायचे ती मुख्यतः उरणची. पंचमहालांकडून आणि आणखी लांबून वाळलेली मोहफुले तिथे येत आणि दारू होऊन होडीने मुंबईत जात. ठाणे जिल्ह्यातल्या गावांत पारशी दुकानदारांचे पिठे उभे राहिले. ताडीच्या झाडांवर कर बसला, इतका की अनेक गरिबांना झाड छेदणे परवडेना. पुढच्या दशकांत अबकारी ही सरकारी उत्पन्नाच्या मोठ्या बाबींपैकी एक झाली. दारू स्वस्त राहिली तर लोक पिऊन बिघडतील म्हणून आम्ही ती महाग करतो, असे सरकारचे म्हणणे असे. पण जो दुकानदार हमी देऊन बसला आहे त्याने कमी विकली तर त्याचे दिवाळे निघणार, हेही त्याच पद्धतीत होते. माणसाने कमी प्यावे अशी ज्याची इच्छा असते तो विक्रीची हमी मागत नाही. 1878 च्या रचनेबद्दल माझे मत या एका गोष्टीवर ठरले आहे.

घरची भट्टी मात्र विझेना. दुकानातली दारू महाग, पाणी घातलेली आणि सणाच्या दिवशी उधारीवर. घरची दारू फुकट. पोलीस आणि अबकारीचे शिपाई जंगलात किती फिरणार? मडके फोडले की दुसरे येते. तेव्हा सरकारी डोक्यातून युक्ती निघाली: भट्टी पकडता येत नसेल तर फूलच पकडावे. असा मसुदा 1880 च्या दशकातच पुढे आला होता आणि त्याला विरोधही झाला होता. फूल हे गरिबाचे अन्न आहे, हा विरोधाचा मुख्य मुद्दा होता. तरी 1892 मध्ये कायदा झाला. तो नेमका ठाणे आणि कुलाब्यालाच का लागू झाला हे नकाशा पाहिला की कळते. मुंबईला लागून असलेले, उरणच्या भट्ट्यांचे आणि शहरी महसुलाचे कुंपण असलेले हे दोन जिल्हे. तिथल्या जंगलात गाळलेली प्रत्येक बाटली सरकारला करात तोटा वाटे.

त्या कायद्याचे परिणाम ताबडतोब दिसले नाहीत, हळूहळू साचत गेले. लग्नात देवाला दारू लागते, मयताला लागते, पेरणीला जमिनीवर थेंब वाहायचा असतो. हे सगळे आता पिठ्यावरून आणायचे. हातात रोकड नाही म्हणून उधारी, उधारीपोटी गवत, भात, मजुरी आणि शेवटी जमीन. दुकानदारच अनेक ठिकाणी सावकार आणि जमीनदार होता. जी गोष्ट घरात फुकट बनत होती तिच्यापायी शेत गेलेली माणसे ठाण्यात आणि दक्षिण गुजरातेत शेकड्यांनी झाली.

या सगळ्याला आदिवासींनी जे उत्तर दिले त्याची कल्पना मुंबईतल्या कुणीही केली नव्हती. 1922 मध्ये पालघरच्या किनाऱ्यावरच्या मांगेला कोळ्यांच्या वस्त्यांतून एक देवी निघाली. ती माणसांच्या अंगात येई आणि आज्ञा करी: दारू-ताडी सोडा, मांस सोडा, रोज आंघोळ करा, पारश्याच्या दुकानात आणि शेतावर पाऊल ठेवू नका. डोंगर ओलांडून ती दक्षिण गुजरातेत गेली आणि त्या वर्षाच्या अखेरीला गावेच्या गावे मांडवात जमून तिचे बोल ऐकू लागली. पिठे ओस पडले. डेव्हिड हार्डिमन या इतिहासकाराने या चळवळीवर 1987 मध्ये पुस्तक लिहिले, तोवर तिच्याकडे अंधश्रद्धा म्हणूनच पाहिले जाई. मला ती या साऱ्या इतिहासातली सगळ्यांत शहाणी कृती वाटते. ज्या दारूवर आपला ताबा राहिला नाही ती आपण पिणार नाही, असे ज्यांना अक्षर येत नव्हते त्यांनी ठरवले आणि त्यातून दुकानदाराच्या तिजोरीलाच हात घातला. पुढे ती लाट ओसरली, पण गांधींच्या माणसांना दक्षिण गुजरातेतल्या आदिवासी गावांत जो पाया मिळाला तो तिने तयार केलेला होता.

काँग्रेसचा दारूबंदीचा आग्रह त्याआधीपासूनचा. 1937 मध्ये प्रांतांत काँग्रेसची मंत्रिमंडळे आली तेव्हा पहिला पेच पैशांचा होता, कारण शाळांचा खर्च अबकारीच्या उत्पन्नातून चालत होता. मुलांचे शिक्षण दारूच्या पैशांवर चालावे ही गोष्ट गांधींना लाजिरवाणी वाटे. त्याच वर्षी वर्ध्याला मांडलेल्या नयी तालीमच्या योजनेत शाळा स्वावलंबी असावी हा जो हट्ट होता, त्याचे एक कारण हे होते. मुंबईत बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळात डॉ. एम. डी. डी. गिल्डर आरोग्यमंत्री होते, स्वतः पारशी. 1 ऑगस्ट 1939 ला त्यांनी मुंबई शहरात दारूबंदी लागू केली आणि आपल्याच समाजाचा रोष पत्करला. मंत्रिमंडळ काही महिन्यांत गेले आणि बंदीही सैल पडली.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने 1949 चा दारूबंदी कायदा केला आणि एप्रिल 1950 पासून संपूर्ण दारूबंदी आली. गृहखाते मोरारजी देसाईंकडे होते. या कायद्यात गोऱ्या सरकारच्या महसुलाचा हेतू नव्हता, त्याग आणि सुधारणा हा हेतू होता, आणि तो प्रामाणिक होता. पण त्याच्या व्याख्यांच्या यादीत पाहावे तर मोहफूल आहेच. ज्या वस्तूंचे नियंत्रण करायचे त्यांत मळी आहे आणि मोहाचे फूलही आहे. महसुलासाठी लावलेली साखळी बंदीसाठी तशीच ठेवली गेली. आता परवान्याचे दुकानही बंद आणि फूलही बांधलेले.

याला विरोध करणारा आवाज संविधान सभेत उठला होता. 24 नोव्हेंबर 1948 ला मादक पेयांच्या बंदीचा विषय, म्हणजे आजच्या 47 व्या अनुच्छेदातले कलम, चर्चेला होता. छोटा नागपूरचे जयपाल सिंह मुंडा उभे राहिले आणि तांदळाची दारू आदिवासींच्या धर्मकार्याचा भाग आहे, तिच्यावर बंदी म्हणजे त्यांच्या धर्मात ढवळाढवळ, असे त्यांनी सांगितले. त्याच दिवशी कोल्हापूरचे बा. ह. खर्डेकर वेगळ्या अंगाने, व्यक्तीच्या स्वातंत्र्याच्या बाजूने, दारूबंदीच्या विरोधात बोलले. बाळासाहेब खेर बंदीच्या बाजूने. आंबेडकरांनी उत्तर देताना हे मार्गदर्शक तत्त्व आहे, ते अमलात आणायचे की नाही हे राज्यांवर सोपवले आहे, असे स्पष्ट केले. दारू हा सातव्या परिशिष्टातला राज्यसूचीचा विषय झाला तो तसाच राहिला. म्हणून आज एकाच झाडाच्या दारूला राज्याच्या सीमेगणिक वेगळा कायदा लागतो.

1951 मध्ये सर्वोच्च न्यायालयात एफ. एन. बलसारा यांचा खटला झाला. ब्रँडी, व्हिस्की, औषधी वाइन, ओ-डी-कोलोन जवळ ठेवण्याचा हक्क त्यांनी मागितला होता. न्यायालयाने कायदा बहुतांशी टिकवला, पण औषधी आणि प्रसाधनांच्या बाबतीतली बंदी रद्द केली. शहरातल्या कोलोनच्या बाटलीला न्यायालय मिळाले. मोहफुलासाठी त्या याचिकेत कुणी उभे नव्हते.

बंदीच्या काळात हातभट्टी वाढली आणि तीही बदलली. मोहफूल मिळेनासे झाले तसा काळा गूळ आला, नवसागर आला, खाडीकाठी आणि झोपडपट्ट्यांत पिंपेच्या पिंपे आंबू लागली. मोहाची दारू जंगलात तरली, पण शहरात तिच्या नावाने जे विकले जाई त्याचा फुलाशी संबंध राहिला नाही. 1960 ला राज्य दुभंगले. गुजरातने बंदी पाळली, महाराष्ट्राने साठच्या दशकात ती सैल केली. दोघांकडे कायदा मात्र 1949 चाच. महाराष्ट्रात त्याचे नाव आजही दारूबंदीचा कायदा असेच आहे, आणि पिणाऱ्याकडे परवाना असावा असे तो अजून सांगतो. एका दिवसाचा परवाना देशीसाठी 2 रुपयांचा आणि विदेशीसाठी 5 रुपयांचा, हे दर वर्षानुवर्षे चालत आले.

1973 मध्ये देशी दारूचे नियम आले आणि गावोगाव 'सरकारमान्य देशी दारूचे दुकान' ही पाटी लागली. या पाटीमागे काय विकले जाते ते पाहण्यासारखे आहे. देशी दारू म्हणजे उसाच्या मळीपासून काढलेल्या मद्यार्कात पाणी, रंग आणि संत्र्यासारखा स्वाद घातलेली बाटली. साखर कारखाने वाढत होते, मळी मुबलक होती, तिला गिऱ्हाईक हवे होते. 'देशी' या नावाखाली जे राज्यमान्य झाले ते कारखान्याचे, आणि खरोखर या मातीतल्या झाडापासून जे बनत होते ते गुन्हा म्हणून उरले. गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबारच्या पोलिसांच्या बातम्यांत 'मोहसडवा नष्ट, कलम 65 खाली गुन्हा' हे वाक्य इतक्या वेळा येते की वाचणाऱ्याला त्याचे काही वाटेनासे होते. मला अजून वाटते.

1975 च्या सुमाराला केंद्राने आदिवासी भागांतल्या अबकारीविषयी मार्गदर्शक तत्त्वे काढली. आदिवासी भागांत दारूची व्यापारी दुकाने बंद करावीत आणि घरच्या, रूढीच्या दारूला मुभा द्यावी, असा त्यांचा आशय. मध्य प्रदेश आणि पुढे झालेले छत्तीसगड यांनी अनुसूचित क्षेत्रांत आदिवासींना घरापुरती मोहाची दारू गाळण्याची आणि ठेवण्याची सवलत नियमांत दिली. ओडिशात मोहफुलाच्या गावठी भट्ट्यांना परवाने मिळत राहिले. महाराष्ट्रात फुलावरचे निर्बंध सुटले नाहीत. 1996 च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला मादक पदार्थांवर बंदी घालण्याचा किंवा त्यांचे नियमन करण्याचा, आणि गौण वनोपजाच्या मालकीचाही अधिकार दिला. 2006 च्या वनहक्क कायद्याने ती मालकी पक्की केली. दोन केंद्रीय कायदे म्हणत होते की फूल गावाचे, आणि 1949 चा राज्याचा कायदा म्हणत होता की ते बाळगायला परवाना काढा.

इथे गडचिरोलीचा विषय टाळता येत नाही. 1993 मध्ये त्या जिल्ह्यात दारूबंदी झाली, ती मुंबईहून कुणी लादली म्हणून नव्हे. बायकांनी मागितली, गावोगाव ठराव झाले, डॉ. अभय आणि राणी बंग यांच्यासारख्यांनी ती मागणी उचलून धरली. पहाटे मोह वेचणारी बाई आणि गावात विक्रीसाठी ठेवलेला सडवा ओतून देणारी बाई अनेकदा एकच असते. देवासाठी गाळलेली दारू आणि रोज संध्याकाळी नवऱ्याला विकलेली दारू या तिच्या लेखी दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हा फरक कायद्याला कधीच नीट लिहिता आला नाही. मेंढा (लेखा) या गावाने तो स्वतः लिहिला. ग्रामसभेत सगळ्यांची सहमती होईपर्यंत चर्चा करून त्यांनी ठरवले की विक्रीसाठी दारू गाळायची नाही, देवकार्यापुरतीच. याच गावाला 2009 मध्ये देशात सर्वांत आधी सामूहिक वनहक्क मिळाला. त्यामुळे मोहाची दारू मोकळी करा म्हणणाऱ्याने ती कुणाच्या हातात मोकळी होणार हे आधी सांगितले पाहिजे, असे मला वाटते. ग्रामसभेच्या हातात, तर माझा पाठिंबा. लिलाव घेणाऱ्याच्या हातात, तर 1878 पुन्हा.

2021 मध्ये महाराष्ट्र सरकारने मोहफुलांचे संकलन, साठवण, वाहतूक आणि विक्री यांवरचे निर्बंध उठवले. त्याच वर्षी चंद्रपूरची 2015 पासूनची दारूबंदीही उठली, गडचिरोलीची राहिली. साठवणीची मोकळीक ऐकायला छोटी वाटते, पण हंगामाचा हिशेब पाहिला की तिचे वजन कळते. एप्रिलमध्ये सगळ्यांच्याच अंगणात फुले असतात, भाव पडलेला असतो, घरात ठेवणे गुन्हा म्हणून व्यापाऱ्याला मिळेल त्या दराने द्यावी लागत. पावसाळ्यात तीच फुले चढ्या भावाने विकत घेणारी घरेही असत. 2020 मध्ये केंद्राने वाळल्या मोहफुलाचा किमान आधारभाव किलोला 30 रुपये केला होता. साठवता येत नसेल तर आधारभाव कागदावर राहतो. आता ग्रामसभा गोदाम करून भाव येईपर्यंत थांबू शकते.

2022 च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्राने दुसरा निर्णय घेतला. काजूबोंडे, मोहफुले आणि तशीच फळे-फुले यांच्यापासून बनवलेल्या मद्याला 'विदेशी मद्या'चा वर्ग दिला. कारण व्यावहारिक होते. 'देशी' वर्गातली दारू ठरावीक दुकानांत, ठरावीक बाटलीत, मळीच्या दारूच्या शेजारी विकावी लागे. चांगली बनवायला कुणी पैसा घालीना. गोव्याच्या फेणीचा अनुभव समोर होता. 2009 मध्ये फेणीला भौगोलिक मानांकन मिळाले, पण 'देशी मद्य' हा शिक्का असल्याने राज्याबाहेर तिला बाजार मिळेना. 2016 मध्ये गोव्याने तिला वारसा पेय ठरवले तेव्हा वाट मोकळी झाली. महाराष्ट्राने वेगळा वर्ग करण्याऐवजी असलेल्या विदेशीच्या खान्यात मोह घातला. बाटली विकायला तो उपयोगी पडेल. पण हा निर्णय बाटलीच्या वर्गाबद्दल होता, गाळणाऱ्या हाताबद्दल नव्हता.

मध्य प्रदेशाने हात धरला. 2021 च्या नोव्हेंबरात तेव्हाचे मुख्यमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी मोहाची दारू वारसा मद्य म्हणून विकली जाईल असे जाहीर केले, आणि पुढच्या नियमांत ती बनवण्याचा परवाना आदिवासी बचत गटांसाठी ठेवला. गुजरातच्या सीमेवरच्या अलिराजपूर जिल्ह्यातून 'मोंड' आणि दिंडोरीतून 'मोहुलो' या बाटल्या निघाल्या. त्या पर्यटन महामंडळाच्या हॉटेलांतही मिळू लागल्या. बाजार अजून लहान आहे. पण परवान्यावर नाव त्या गटाचे आहे, आणि 1878 पासूनच्या इतिहासात हे पहिल्यांदा घडते आहे. अलिराजपूरची सीमा ओलांडली की पलीकडे मोह तोच, लोक तेच भिल्ल, आणि तीच दारू पुन्हा गुन्हा. बिहारमध्ये 2016 पासून तर सगळीच.

खासगी कारखानेही आले. गोव्यात डेस्मंड नाझरेथ यांनी 2018 मध्ये मोहाचे मद्य बाजारात आणले. डहाणूच्या साउथ सीज डिस्टिलरीजने 'सिक्स ब्रदर्स महुरा' काढले. डहाणू म्हणजे जुन्या ठाणे जिल्ह्याचा तालुका, 1892 चा कायदा जिथे लागू झाला तोच मुलूख. त्यांनी केलेले काम मी कमी लेखत नाही. शुद्धता, मोजलेली तीव्रता, बाटलीवर 'मोह' हे नाव उघडपणे छापणे, हे सगळे व्हायला हवेच होते. या बाटल्यांमुळे फुलाला मागणी आली तर त्याचा काही भाग टोपलीपर्यंत पोचेल. किती पोचेल ते फूल कोण विकते आणि भाव कोण ठरवते यावर आहे.

महाराष्ट्रातली आजची स्थिती अशी. गडचिरोलीत धानोऱ्याकडच्या एखाद्या गावातली बाई चैत्रात मोह वेचू शकते, हवा तेवढा घरात ठेवू शकते, ग्रामसभेमार्फत विकू शकते. ते फूल ट्रकने परवानाधारक कारखान्यात जाऊ शकते आणि तिथे त्याची दारू गाळून, विदेशी मद्याच्या वर्गात, बाटलीत भरून मुंबईत विकता येते. तीच फुले तिने आपल्या परसात मडक्यात भिजत घालून, मांडवातल्या देवासाठी चूल पेटवली, तर तिच्यावर कलम 65 लागते. ते कलम कुणी हलवलेले नाही.